दोऱ्या खेळाने ओढाव्यात, वाट खेळाडूने काढावी

गेममध्ये शिडाचं जहाज दिसलं की आधी डोलकाठीच्या टोकाचा झेंडा बघावा. पुष्कळ गेममध्ये शिडं पुढच्या बाजूला टच्च फुगलेली असतात, म्हणजे वारा पाठीमागून येतोय. त्याच डोलकाठीवरचा झेंडा मात्र मागे ताणून फडकत असतो, म्हणजे वारा समोरून येतोय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. पाठचा वारा घेऊन चाललेल्या जहाजावर झेंडा नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, उडतो, आणि तोही जरा मरगळलेला, कारण जहाज वाऱ्याबरोबरच पळत असतं आणि जहाजावरच्या माणसाला वारा कमी लागतो. अशा वेळी झेंडा मागे ओढला जातो तो इंजिनावर धावणाऱ्या बोटीवर. म्हणजे पडद्यावरचं चित्र शिडाच्या जहाजाचं आणि आतलं गणित मोटारबोटीचं.

गेममध्ये सगळंच्या सगळं खरं असावं, असा हट्ट मी धरणार नाही. दोऱ्या ओढणं, गाठी मारणं, शीड इंचाइंचाने सैल-घट्ट करणं हे काम खेळाने खुशाल आपल्याकडे घ्यावं. अंतरं आखडावीत, जहाजाचा वेग वाढवावा. पण वारा अमुक दिशेने येत असताना कुठे जाता येईल, किती वेळात जाता येईल आणि कोणत्या बाजूने जावं, हा विचार खेळाडूच्या डोक्यातून काढून घेऊ नये. शिडाच्या जहाजाची सगळी गंमत, सगळी भीती आणि सगळा इतिहास त्या एका विचारात भरलेला आहे.

हा फक्त गेम खेळणाऱ्यांचा प्रश्न नाही. आज शिडाच्या जहाजाचं सुकाणू हातात धरणारी बहुतेक माणसं ते पडद्यावरच धरतात. खऱ्या शिडाच्या होडीत बसलेला माणूस आपल्याकडे शोधावा लागतो, मोबाइलवर किंवा कन्सोलवर समुद्री चाच्यांचं जहाज हाकलेली मुलं मात्र घरोघर सापडतील. शाळेच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे, व्यापारी वारे ही नावं पाठ होतात, पण वाऱ्यामुळे माणसाला वाट बदलावी लागते हा अनुभव पुस्तकातून येत नाही. भारतीय नौदलाची शीडबोट ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये गोव्यातून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. दोन्ही वेळा वाट तीच: आधी ऑस्ट्रेलिया, मग न्यूझीलंड, मग दक्षिण अमेरिकेचं टोक, मग केपटाऊन. उलट्या बाजूने का नाही? कारण ४० अंश दक्षिणेच्या खाली वारा बाराही महिने मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो आणि शिडाच्या बोटीला पूर्वेकडेच ढकलत नेतो. हे ज्याला आपोआप उमगतं, त्याला त्या बातमीतला थरार कळतो. जो मोटारबोटीच्या गणितावर वाढलाय, त्याच्यासाठी ती नकाशावरची नुसती गोल रेघ राहते.

आता वाऱ्याचं गणित. ते अवघड नाही, म्हणूनच ते चुकलेलं जास्त खटकतं.

समजा वारा १० नॉटचा, म्हणजे तासाला १० सागरी मैलांचा, आहे आणि बोट ६ नॉटने चालली आहे. वारा थेट पाठीमागून असेल तर शिडाला प्रत्यक्षात लागतो तो फक्त ४ नॉटचा, कारण बोट त्याच्यापासून पळतेय. तोच वारा काटकोनात आडवा आला तर वाऱ्याचा आणि बोटीचा वेग मिळून शिडाला जवळजवळ ११.७ नॉट लागतात, आणि तो वारा ९० अंशांऐवजी सुमारे ५९ अंशांवरून, म्हणजे बराच पुढून आल्यासारखा वाटतो. बोट वाऱ्याच्या ४५ अंशांवर, ५ नॉटने वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढत असेल तर शिडाला १४ नॉट लागतात आणि ते नाळेपासून जेमतेम ३० अंशांवरून. हा जहाजावर भासणारा वारा. खलाशी याच वाऱ्यावर शीड लावतो, झेंडाही याच वाऱ्यावर उडतो. शिडावरचं बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, तेव्हा ४ नॉट आणि १४ नॉट यांतला फरक साडेतीन पटींचा न राहता बारा पटींचा होतो. पाठच्या वाऱ्यात डेकवर ऊन लागतं, सगळं शांत वाटतं. तीच बोट वळवून वाऱ्याकडे तोंड केलं की दोऱ्या वाजायला लागतात, बोट कलते, पाणी अंगावर येतं. समुद्र तोच, वारा तोच, फक्त दिशा बदलली. एकाही गेमला यासाठी नवं वादळ तयार करावं लागणार नाही. एक बेरीज केली तरी पुरे.

पण होतं काय? प्रोग्रॅम लिहिणारा पहिल्यांदा जे सूत्र लिहितो ते साधारण असं असतं: जहाजाचं तोंड आणि वारा वाहण्याची दिशा यांतल्या कोनाची कोसाइन काढा आणि तिला कमाल वेगाने गुणा. दिसायला हे पटतं. पण त्यातून पाठच्या वाऱ्यात वेग सर्वांत जास्त येतो, आडव्या वाऱ्यात शून्य येतो आणि त्यापुढे उणे. जहाज आडव्या वाऱ्यात थांबतं हे बरं दिसत नाही, म्हणून मग किमान वेगाची एक अट टाकली जाते: काही झालं तरी अमुक टक्क्यांच्या खाली जायचं नाही. त्या एका अटीने वारा संपला. आता जहाज कुठल्याही दिशेने जातं, फक्त कधी जोरात आणि कधी जरा हळू. वारा म्हणजे जणू रस्त्याचा चढ-उतार.

याला पर्याय म्हणून भारी भौतिकशास्त्र लागत नाही. एक छोटा तक्ता लागतो. पाण्यालगत २५ फूट लांबी असलेली साधी प्रवासी शीडबोट घ्या, वारा १० नॉट. वारा येतो त्या दिशेपासून ३५ अंशांवर वेग ठेवा ३.६ नॉट, ४५ वर ५, ६० वर ५.८, ९० वर ६.३, १२० वर ६.२, १५० वर ५.६ आणि थेट पाठच्या वाऱ्यात ४.५. तीसच्या आत शून्य. मधले आकडे प्रमाणाने काढायचे. वाऱ्याच्या वेगवेगळ्या जोरांसाठी असे चार-पाच तक्ते पुरतात. वरची मर्यादाही ठरलेली आहे: अशा बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये साधारणपणे पाण्यालगतच्या लांबीच्या, फुटांमधल्या, वर्गमुळाच्या १.३४ पट असतो, म्हणजे २५ फुटांना ६.७. त्याच्या पुढे बोट आपल्याच लाटेत अडकते. वादळ आलं म्हणून वेग दुप्पट होत नाही, ताण तेवढा वाढतो.

या तक्त्यात खेळ कसा लपलाय पाहा. मुक्काम बरोबर वाऱ्याच्या तोंडावर आहे. सरळ जाता येत नाही, मग नागमोडी जायचं, टॅक करत. ३५ अंशांवर तोंड जास्तीत जास्त मुक्कामाकडे राहतं, पण बोट रखडते आणि मुक्कामाच्या दिशेने पुढे सरकते तासाला २.९ मैल. ६० अंशांवर बोट झकास पळते, पण तिथूनही मुक्कामाकडे जेमतेम २.९ मैलच. मधे ४५ वर ३.५ मैल मिळतात. पाठच्या वाऱ्यातही तेच: थेट वाऱ्याबरोबर गेलं तर ४.५, आणि ३० अंश बाजूला काढून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं गेलं तर मुक्कामाच्या दिशेने ४.८ च्या वर. सरळ रेघ सर्वांत जवळची असते पण सर्वांत लवकरची नसते, हे कुठलंही बक्षीस, बाण किंवा सूचना न दाखवता खेळाडूला शोधू देता येतं. कोसाइनवाल्या सूत्रात शोधण्यासारखं काही उरतच नाही.

२०१३ च्या ‘असॅसिन्स क्रीड फोर: ब्लॅक फ्लॅग’मध्ये हीच गोष्ट हातची गेली, आणि मला सर्वांत जास्त हळहळ त्याच गेमबद्दल वाटते. समुद्र सुंदर, खलाशांची गाणी सुंदर, तोफांचा धूर सुंदर. पण ‘जॅकडॉ’ या नायकाच्या जहाजाचं तोंड वाऱ्यात खुपसून सगळी शिडं उघडली तरी ते धावत राहतं. कथा १७१५ नंतरच्या कॅरिबियनमधली आहे, आणि तो काळ वाऱ्याने घडवलेला आहे. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. स्पेनकडून येणं सोपं, परत जाणं कठीण. म्हणून चांदी घेऊन परतणारा स्पॅनिश ताफा हवानाहून फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत शिरायचा, गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला जायचा आणि वर पश्चिमी वारे मिळाले की स्पेनकडे वळायचा. १७१५ च्या जुलैअखेर याच अरुंद वाटेवर चक्रीवादळाने ताफ्यातली अकरा जहाजं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फोडली. बुडालेली चांदी काढायला आणि लुटायला जी माणसं जमली, त्यातूनच बहामा बेटांवरच्या नासाऊच्या चाच्यांना बळ आलं. वारा वेगळा असता तर ताफा त्या वाटेने गेलाच नसता. गेममध्ये त्या इतिहासातली माणसं आहेत, बेटं आहेत, फक्त ज्याने त्यांना तिथे आणलं तो वारा नाही.

चौकोनी शिडांच्या जहाजाचा हिशेब आणखी कडक आहे. ते वाऱ्याच्या साधारण ६७ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. या कोनावर वाऱ्याच्या दिशेने १ मैल कमवायला २.६ मैल चालावं लागतं. त्यातच जहाज बाजूला घसरतं. ही घसरण सात-आठ अंशांची धरली तर प्रत्यक्ष वाट ७५ अंशांवर जाते आणि १ मैलासाठी ३.९ मैल लागतात. जमैकापासून बार्बाडोस पूर्वेकडे सुमारे १००० सागरी मैल. ५ नॉटने अहोरात्र चालणारं जहाज या हिशेबाने वाऱ्याविरुद्ध तासाला १.३ मैल कमावतं, म्हणजे महिना लागतो. बार्बाडोसहून जमैकाला ६ नॉटने येणारं जहाज आठवड्यात पोचतं. एक बेट दुसऱ्या बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला असणं ही केवढी मोठी गोष्ट होती ते या दोन आकड्यांत आहे. वाऱ्याकडच्या बेटावरून खालच्या बेटावर हल्ला करता येत होता, खालून वर सहजासहजी येत नव्हता.

गेमवाल्यांचं यावर उत्तर ठरलेलं असतं: कोण बसणार महिनाभर? बरोबर आहे, कोणीच बसणार नाही. पण त्यावर उपाय वाऱ्याला खोटं पाडणं हा नाही. वेग दसपट करायचा तर करा, फक्त सगळ्या कोनांवर दसपट करा. बेटं जवळ आणायची तर आणा, सगळ्या दिशांनी सारखीच. महिना आणि आठवडा यांच्या जागी आठ मिनिटं आणि दोन मिनिटं आली तरी चालेल, चारास एकचं प्रमाण टिकलं पाहिजे. सिड मायरच्या ‘पायरेट्स’ने हे १९८७ मध्येच, त्या वेळच्या किरकोळ ताकदीच्या संगणकांवर करून दाखवलं. तिथे पश्चिमेला भर्रकन जाता येतं आणि पूर्वेकडे रखडावं लागतं. रखडण्यात दिवस जातात, दिवसांबरोबर खलाशी कुरकुरतात, नायकाचं वय वाढतं. खेळाडूला खुर्चीत महिनाभर बसवलं नाही, पण महिना वसूल केला. त्यामुळे खेळाडू आपोआप पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेकडे लूट करत यायचं शिकतो. कोणीही सांगितलेलं नसताना.

‘द विंड वेकर’ २००२ चा, दिसायला अगदी लहान मुलांच्या चित्रासारखा. त्यातली बोट लाल सिंहाच्या तोंडाची आणि बोलणारी. तरीही वाऱ्याच्या बाबतीत तो कितीतरी गंभीर दिसणाऱ्या गेमांपेक्षा सरळ आहे. तिथे वारा आठ दिशांपैकी एकीकडे वाहतो आणि दिशा बदलायची तर थांबून, छडी बाहेर काढून, सूर वाजवून ती मागून घ्यावी लागते. हा अर्थातच जादूचा उपाय आहे. पण त्या मागण्यातच कबुली आहे की वारा वाऱ्याचा आहे आणि आपल्याला हवा तसा तो नसतो. २०१३ च्या नव्या आवृत्तीत एक वेगळं शीड विकत घेता येतं. ते लावलं की वारा कायम पाठीशी. सोय झाली, खेळाडूंनी आनंदाने घेतली, आणि गेमच्या नावातला वारा त्यातून वजा झाला. वारंवार थांबून तोच सूर वाजवण्याचा कंटाळा खरा होता, तो मान्य. कंटाळा सूर वाजवण्याचा होता, वाऱ्याचा नव्हता. सूर आखूड करता आला असता.

‘सी ऑफ थीव्हज’बद्दल मला मनापासून दोन्ही गोष्टी वाटतात. आकाशात पांढऱ्या रेघांनी वारा दाखवायची युक्ती सुरेख आहे. शिडाचा कोन वाऱ्याशी जुळला की कापड फटकन फुगतं, तो आवाज कानात बसतो आणि हाताला लगेच कळतं की जमलं. तीन डोलकाठ्यांच्या गॅलियनवर प्रत्येक शीड वेगळं फिरवावं लागतं, त्यामुळे चार जणांना एकमेकांशी बोलावंच लागतं. एका शिडाची स्लूप उलट्या वाऱ्यात सर्वांत चपळ, गॅलियन पाठच्या वाऱ्यात. म्हणजे जहाजांचे स्वभावही राखलेत. आणि एवढं सगळं केल्यावर जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर पुढे जातंच. पाठलाग झाला की स्लूपवाला सरळ वाऱ्यात घुसतो आणि गॅलियन मागे राहते. परिणाम खऱ्यासारखा, कारण मात्र नाही. खरी स्लूप वाऱ्यात नागमोडी चढते, मागचं मोठं जहाज तेवढं वर चढू शकत नाही, आणि दर टॅकला दोघांतलं अंतर वाढत जातं. त्या पाठलागात प्रत्येक वळणावर निर्णय आहे: आत्ता वळू की अजून थोडं ताणू? सरळ रेषेत नुसतं सुकाणू धरून बसायचं असतं.

मी ज्याला नेमकं माप म्हणतो ते ‘वॅल्हाइम’मध्ये, २०२१ मध्ये, जवळजवळ सापडलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल, त्यावर वाऱ्याची खूण आणि एक काळा पट्टा. वारा त्या पट्ट्यात आला की शीड काम करत नाही. मग वल्ही मारा किंवा बोट वळवा. दोऱ्या नाहीत, शिडाचा कोन नाही, काहीही शिकवावं लागत नाही. एवढ्यावर लोक रात्रीच्या अंधारात, धुक्यात, उलट्या वाऱ्यात, मागे समुद्री साप लागलेला असताना घाबरून टॅक करायला शिकतात. पुढे एका ड्रॅगनला हरवल्यावर वारा पाठीशी आणण्याची शक्ती मिळते, पण ती पाच मिनिटं टिकते आणि वीस मिनिटांनी परत मिळते. माझ्या मते हेही योग्यच: आधी वाऱ्याने नाकी नऊ आणले, म्हणूनच ते बक्षीस बक्षीस वाटतं.

शिडाचं काम खेळाने आपल्याकडे घ्यावं असं मी सुरुवातीला म्हटलं. ती सवलत नव्हे. खऱ्या जहाजावरही कप्तान दोऱ्या ओढत नव्हता. तो वाट ठरवायचा, हुकूम द्यायचा, आणि शंभर हात कामाला लागायचे. तेव्हा खेळाडू कप्तान असेल तर शिडं आपोआप नीट लागणं हेच वास्तवाला धरून आहे. ज्यांना दोऱ्या हव्याच आहेत त्यांच्यासाठी ‘सेलविंड’सारखे खेळ आहेत, जिथे प्रत्येक दोरी हाताने ओढावी लागते आणि नकाशावर तुम्ही कुठे आहात हेही कोणी दाखवत नाही. ते वेगळं प्रेम आहे. सगळ्यांकडून त्याची अपेक्षा धरू नये.

मात्र हुकूम देण्याची वेळ ही कप्तानाची परीक्षा असते. चौकोनी शिडांचं जहाज टॅक कसं करतात ते जवळून पाहिलं की तीन बटणांत केवढं नाट्य मावतं ते कळेल. आधी जहाजाच्या अंगात वेग हवा, म्हणून किंचित वाऱ्यापासून फिरून ते पळवायचं. मग सुकाणू हळूहळू वाऱ्याकडे. एकदम मारलं तर सुकाणूच ब्रेक होतं. नाळेवरच्या तिकोनी शिडांच्या दोऱ्या सोडायच्या, म्हणजे ती नाळेला परत खाली ढकलणार नाहीत, आणि पिछाडीचं शीड मध्यात ओढायचं, म्हणजे ते शेपूट फिरवेल. नाळ वाऱ्यात शिरते, शिडं फडफडतात, पुढच्या डोलकाठीची शिडं उलटी भरतात आणि नाळेला पलीकडे ढकलू लागतात. नाळ वाऱ्याला जवळपास भिडली की पहिला मोठा हुकूम: मधल्या आणि मागच्या डोलकाठीचे आडवे वासे, म्हणजे यार्ड, एका दमात फिरवायचे. त्याच क्षणी ते हलके फिरतात, कारण पुढच्या शिडांच्या आडोशाने त्यांच्यावर वारा नसतो. जहाज आता जवळजवळ उभं आहे, कदाचित मागे सरकतंय. मागे सरकायला लागलं की सुकाणू उलटं धरायचं. नाळ पलीकडे गेली की दुसरा हुकूम, पुढचे यार्ड फिरवा, आणि जहाज नव्या बाजूने वेग घेतं.

चुकतं कुठे? वेग कमी असताना सुरुवात केली, किंवा नाळ वाऱ्यात असतानाच लाटेने थप्पड मारली, तर जहाज मध्येच अडकतं. ना इकडे, ना तिकडे, आणि मागे वाहत जातं. मागे खडक असले तर खेळ खलास. नाहीतर परत जुन्या बाजूला पडून, पाठ वाऱ्याला देऊन, मोठा वळसा घालून वळायचं, आणि तासाभराची कमाई खाली सोडून द्यायची. ‘नेव्हल ॲक्शन’मध्ये पुढचे आणि मागचे यार्ड वेगळे फिरवता येतात आणि या सगळ्याची चव मिळते. साध्या गेमसाठी तीन क्षण पुरेत: वळ, मधले फिरव, पुढचे फिरव. खऱ्या जहाजाला यात काही मिनिटं जायची, गेममध्ये पंधरा सेकंद द्या. दुसरा हुकूम लवकर दिला तर अडका, उशिरा दिला तर अडका. तोफा धडाडत असताना ते पंधरा सेकंद कुठल्याही तलवारबाजीला भारी पडतील.

एक अडचण मात्र खरी आहे आणि गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने ती मांडली पाहिजे. शत्रूची जहाजं संगणक चालवतो. वारा खरा केला की त्यांनाही टॅक करता यायला हवं, बेटांच्या अरुंद वाटांत, एकमेकांवर न आदळता. सर्वांत जवळची वाट शोधणारी नेहमीची पद्धत इथे चालत नाही, कारण प्रत्येक दिशेची किंमत वाऱ्याप्रमाणे वेगळी आणि वळण्याची किंमत वरून. काम वाढतं, चाचण्या वाढतात. पण किंमत काढायला तोच वरचा तक्ता वापरता येतो. दर थोड्या वेळाने डावी बाजू की उजवी, एवढंच तपासायचं, आणि दोन्ही जवळपास सारख्या असतील तर आहे ती बाजू चालू ठेवायची, नाहीतर जहाज वेड्यासारखं मागे-पुढे वळत बसतं. मोहिमांची रचनाही बदलावी लागते: ‘पाच मिनिटांत त्या बंदरात पोहोच’ असं लिहिणाऱ्याला आधी वारा बघावा लागेल. बघावा. खऱ्या आरमारप्रमुखालाही बघावाच लागत होता.

आणि लोकांना वाऱ्यात रस नसतो, हे तर मला मुळीच पटत नाही. ‘व्हर्च्युअल रेगाटा’मध्ये लाटा नाहीत, तोफा नाहीत, चेहरे नाहीत. नकाशा, एक ठिपका, खऱ्या हवामान अंदाजाचा वारा आणि आपल्या बोटीचा तक्ता, एवढ्यावर तो चालतो. २०२०-२१ च्या ‘वाँदे ग्लोब’ शर्यतीबरोबर तो दहा लाखांहून जास्त लोकांनी खेळला. खऱ्या शर्यतीत पुढे असलेल्या बोटींना जग फिरायला ८० दिवस लागले आणि ही माणसंही आठवड्यांमागून आठवडे, रात्रीचे गजर लावून, कमी दाबाचा पट्टा उत्तरेने गाठावा की दक्षिणेने याचा काथ्याकूट करत होती. सगळं काढून टाकून फक्त वारा ठेवला, तरी खेळ उरला.

आपल्याकडे कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर मोठा गेम व्हावा असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. ‘ब्लॅक फ्लॅग’चा आणि कान्होजींचा काळ एकच. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला आणि दोन्हीकडून ते हात हलवत परतले, ती ही वर्षं. पण तो गेम मोटारबोटीच्या गणितावर केला, तर गुराब (मोठं लढाऊ जहाज) आणि गलबत (वल्ह्यांचं लहान जहाज) ही नुसती इंग्रज जहाजांवर चढवलेली वेगळी कातडी होतील. कोकणचा वारा दिवसातून दोनदा पालटतो. रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे, आणि मध्ये सकाळी उशिरा एक वेळ अशी येते की पाणी तेलासारखं सपाट होतं. पावसाळ्यात तर जहाजं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. गलबताला मोठं तिकोनी शीड आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोराने ओढत न्यायची, आणि नेमकी शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. वारा नसलेलं इंग्रज जहाज तोंड फिरवू शकत नव्हतं.

म्हणून त्या गेमचा पहिला नमुना तयार झाला की तपासायला एकच प्रसंग पुरे. सकाळची वेळ, किनाऱ्यापासून दोन मैलांवर एक मोठं इंग्रज जहाज, आणि मतलई वारा हळूहळू मरतोय. त्याची शिडं आधी सुरकुततात, मग लोंबतात. झेंडा डोलकाठीला चिकटतो. खाडीच्या तोंडातून वल्ह्यांचा आवाज येतो. खाऱ्या वाऱ्याची पहिली काळसर रेघ पश्चिमेकडे पाण्यावर दिसेपर्यंत जेवढा वेळ आहे, तेवढ्यात त्याच्या पाठीमागे पोचायचं.